सात नंबरचं टेबल

आमच्याकडे प्रत्येक ताटलीला एक भाषण असतं.
बूट पुसता पुसता मी सगळी पाठ केली आहेत:
मका कुठल्या डोंगरावरचा, ताटली कुठल्या कुंभारणीची.
शेवटी दोन श्वास थांबायचं,
म्हणजे लोक ‘वा’ म्हणतात.

मंगळवारी सात नंबरवर दोघं आली.
गाड्या लावून देणारा आमचा पोरगाही
त्यांच्यापेक्षा महाग बूट घालतो.
एउलालियाबाईंनी घडी घातलेला कागद पुढे केला:
मुलीने मोन्तेर्रेहून पैसे भरलेत, नऊ पदार्थ, दोन माणसं.
“आता वर काही द्यायचं नाही ना?”
बसण्याआधी एकदा, बसल्यावर दोनदा.

पहिली ताटली.
घायपाताच्या सुकल्या पानावर भाजलेले टोळ,
राजगिरा, आणि लिंबाचा फेस, जो बघेपर्यंत विरतो.
मी सुरू झालो.
“पोरा, जरा हळू,” बाई म्हणाल्या.
“याचं नाक गेलंय. दोन वर्षं झाली, तापात.
काहीही दिलं तरी ओला कागद चावल्यासारखं लागतं.”

मी हळू बोललो.
हळू बोलल्यावर कळलं
की ‘रानाचा गंध’ म्हणजे काय, ते मला माहीत नाही.
‘मातीशी संवाद’ तर मुळीच नाही.

मग बाईच सांगू लागल्या.
काणी धरलेल्या मक्याचं काळं सार आलं.
“कसं आहे?” नाझारियोने विचारलं.
“तुझ्या आईच्या कोठीत पाणी शिरलं होतं,
चौथ्या दिवशी आपण दार उघडलं, तसं.”
“म्हणजे वाईट.”
“नाही रे. तेव्हा आपलं नवीन नवीन होतं.”
त्याने वाटी तोंडाला लावून संपवली.

निवडुंगाला ती म्हणाली, तुझी चुलत बहीण.
मेस्कलला म्हणाली, शेकोटी, पण काल विझलेली.
मग मोले आला, नऊ दिवस आटवलेला,
पांढऱ्या ताटलीत एक काळा चंद्र.
मी एकतीस जिन्नस मोजून दाखवले.
बाईंनी चाखला. पुन्हा चाखला.
“हा?”
“चांगला आहे,” म्हणाल्या,
“पण कुणाचाच नाही.”

हे मी शेफना सांगितलेलं नाही.

निळ्या मक्याची तोर्तिया कापडात गुंडाळून येते.
त्याने एक उचलली. खाल्ली नाही.
अंगठ्याखाली कड चुरडली, कानाशी मोडली.
“चुना जास्त पडलाय. आणि दगडाला
टाकी लावून किती महिने झाले?”
“इस्तापालापात गिरणी होती याची,” बाई म्हणाल्या,
“एक्केचाळीस वर्षं. पहाटे तीनला उठायचं.
गंमत म्हणून सांगत नाहीये तो.”

मी आत गेलो. तव्यापाशी कासिमिरा होती.
तिने हात एप्रनला पुसले
आणि गिऱ्हाइकांमध्ये यायची बंदी असताना थेट आली.
“टाकी लावणारा म्हातारा गेला,” ती म्हणाली,
“थंडीतच. नवीन कुणी मिळत नाही.
चुना मात्र माझा. आज हात जड पडला.”

दोघं आत गेले.
परातीत मनगटापर्यंत हात घालून तो उभा,
डोळे मिटलेले,
आणि शेफ, ज्यांचा फोटो मासिकात येतो,
हातात रिकामा चमचा धरून बाजूला.
दगडावरून त्याने नख फिरवलं.
कासिमिराकडे बघून नुसती मान हलवली.
तिला काय समजलं, मला समजलं नाही.

सात नंबरवर आइस्क्रीम वितळत होतं, दोन वाट्या.
बाईंनी दोन्ही संपवल्या.
पैसे भरले होते.

निघताना दारात त्याने बोटं नाकाशी नेली,
एक्केचाळीस वर्षांची सवय.
बाई शाल सारखी करत राहिल्या.
काय आलं, हे त्यांनी विचारलं नाही.
मी दार धरून उभा होतो.
माझ्याजवळ भाषण नव्हतं.