हमालीचा रकाना

त्र्याण्णव साली गणपती पेठेत,
पत्रावळीच्या दुकानावरच्या खोलीत
एक उसना संगणक, माझी पदविका
आणि शिडीवजा जिना.
'आवटींची पोरगी मशीन घेऊन बसलीय',
एवढीच जाहिरात झाली. पुरली.

हळदीचा सौदा तेव्हा रुमालाखाली होई.
बोटाला बोट लागे, भाव ठरे,
बाईचा हात रुमालाखाली जाणार कसा?
म्हणून रुमालाच्या पुढचं सगळं मी मागून घेतलं:
वजन, अडत, तोलाई, सेस, हमाली,
शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी.

तीन महिने कानिटकर दिवाणजी
माझी एकेक पट्टी हाताने तपासत राहिले.
चौथ्या महिन्यात पेनाला टोपण लावलं
आणि माझ्यासाठी चहा सांगितला.
तो पहिला पुरस्कार.
पुढचे काचेचे आहेत, पुसावे लागतात.

मग तासगावचा बेदाणा, कराडचा गूळ, निपाणीची तंबाखू.
फ्लॉप्या घेऊन मी एसटीने फिरायचे,
मांडीवर डबा, डब्यावर फ्लॉप्या,
बोटांच्या पेरांत हळद,
ती रविवारीही जायची नाही.

शहाण्णवच्या शिमग्यात इलाही मुकादम जिना चढून आला.
पाठीवर काही नव्हतं, तरी वाकूनच.
शंभर पानी वही टेबलावर ठेवली.
"बाई, तुमचं मशीन चुकत नाय.
पैसं खाली पाडतंय."

प्रिंटरच्या कागदावर जागा नव्हती.
एका रकान्यातले पैसे सोडावे लागणार होते,
मी हमालीचे सोडले.
शेठच्या अडतीला दोन घरं जास्तच दिली होती.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी आपणहून केलं होतं.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली.
मागच्या हिशेबाला रात्र:
आठ हजार दोनशे बारा रुपये, चाळीस पैसे.
रतनशी शेठ म्हणाले, चिल्लर आहे, सोड.
मी माझ्या खिशातून द्यायला निघाले,
पण कुणाला?
पोती मोजली होती, पाठी नव्हत्या मोजल्या.
हमालाच्या नावाला प्रोग्रॅममध्ये रकानाच नव्हता.

इलाहीच्या वहीत होती नावं:
लांबडा दत्तू. हणम्या. भोसेकर.
जतचा. दुसरा जतचा.
म्हणाला, यातले निम्मे गावाला गेलेत, आले की सांगतो.
मी म्हटलं, हो.
मग नवी आवृत्ती आली, मग नवी शतकाची भीती,
मग कर्ज, मग विश्रामबागेत जागा, माणसं,
दर सोमवारी मीटिंग.

दोन हजार पाचला कृष्णा हरिपुरात शिरली.
पेवांतली हळद जमिनीखालीच सडली,
आठवडाभर वाऱ्याला तोच वास.
इलाहीचं घर त्याच बाजूला.
तो वाचला. वही नाही.
मी गेले तेव्हा तो ओलं गाठोडं पिळत होता.
पैशाचा विषय त्याने काढला नाही,
मीही नाही.

एकोणीसला पाणी आमच्या पहिल्या मजल्यावर आलं
तेव्हा सर्व्हर पुण्यात कोरडे होते.
एकही पट्टी हरवली नाही. पेपरात माझा फोटो आला.
त्या वर्षी इलाही नव्हता.

काल विकत घेणारे आले. चौघे.
आकडा असा, की माझ्या पहिल्या रकान्यात मावला नसता.
सगळं ठरलं, सामोसे आले,
आणि त्यांचा तरुण हिशेबनीस देण्यांच्या यादीत अडकला.
"मॅडम, हे 'हमाल, जुने पैसे'. अठ्ठावीस वर्षं पुढे ओढताय.
राइट ऑफ करूया?"
मी म्हटलं, असू दे.
"पण नव्या सिस्टिममध्ये चढत नाहीये.
नाव कोरं आहे. कोरं नाव ती घेतच नाही."

घेणार नाही.
तो नियम मीच घातलाय, पुराच्या पुढच्या वर्षी.

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला
आणि लिहिलं: दुसरा जतचा.