दोनच रंग

मे महिन्यात, दुपारी सव्वातीनला,
भुसावळात दुकानाची पायरी चढतो तो गरजूच.
सपकाळे आले, डोक्यावर ओला पंचा.
"फोनवरून पेटतो तो बल्ब दाखव. स्वस्तातला.
पेन्शन रेल्वेची आहे, अख्खी रेल्वे नाही."

मी खोकी मांडली.
हा नुसता पांढरा. हा मंद होतो.
आणि हा बघा काका, एक कोटी साठ लाख रंग!
ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.
"मले दोनच पुरे, भो.
छत्तीस वर्षं दोनावर गाड्या काढल्या."

मग एकेक विचारत गेले:
रात्री लाइट जाऊन तीनला आली
तर हा गप राहतो, का उठवतो घराले?
वायफाय बसलं तर काय अंधारात जेवायचं?
प्लग घेतला हातात, सहा अँपिअरचा,
आकड्यावर नख ठेवलं.
"पाण्याची मोटर सुरू होताना केवढं ओढते, माहीत आहे?"
माहीत होतं. तरी विकला असता.
सोळाचा दिला, नव्वद रुपये उधार ठेवून.
स्विच नकोच म्हणाले,
वायरिंग जुनं, बोर्डात न्यूट्रल नाही.

संध्याकाळी लावायला गेलो.
रंगीत बल्ब, आणि जागा कुठली?
ओट्यावर, फोडणीच्या धुरात.
भिंतीवरचं बटण चालू ठेवून
त्यांनी वर चिकटपट्टी मारली.
कौतिकबाई कळण्याची भाकरी थापत होत्या,
पाठ आमच्याकडे.

"कान गेल्यापासून हाक मारायची
म्हणजे खांद्याले हात लावा लागते," ते म्हणाले,
"दचकते. मागच्या महिन्यात तव्यावर हात पडला."
आणि बोट दाबलं.

परात हिरवी झाली, पीठ हिरवं,
बांगड्या, मनगटावरचा डाग, सगळं.
बाई सावकाश वळल्या.
दचकल्या नाहीत.

मी पकड, टेस्टर पिशवीत टाकून निघालो.
त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन ओढला,
पिठाच्या बोटानं कायतरी दाबलं, चुकलं, परत दाबलं.
लाल.
मी उंबऱ्यावरच थांबलो.
पाटाकडे बोट दाखवलं त्यांनी. ताट वाढलेलं होतं.
शेवभाजी आधीच लाल,
त्या उजेडात तर किती तिखट ते कळेचना.

ते नव्वद रुपये अजून यायचेत.
मागायला दोनदा गेलो.
दोन्ही वेळा जेवूनच आलो.