उलटे हॅलोजन

मंडईची रात्र. धान कापलेल्या बांधीत पडदा बांधलेला,
धसकटं अजून चपलेतून टोचतात.
नाटक साडेदहाचं, म्हणजे बाराला सुरू झालं.
आता तीन वाजलेत. मी मागच्या धुऱ्यावर ट्रायपॉड रोवून
मंडळाने सांगितलेला फोटो काढतो:
अख्खी गर्दी, स्टेज, उजवीकडच्या खांबावरचे दिवे,
आणि वर जमलं तर चांदण्या.

फोटोत दिवे दोनदा उमटले.
एकदा खांबावर, पांढरे, डोळ्यात घुसणारे.
एकदा खाली डावीकडे, जिथे जनरेटर आहे तिथल्या अंधारात,
फिकट हिरवे,
कच्च्या आवळ्यांसारखे.

कारण मला माहीत आहे.
सिंदेवाहीच्या दुकानात चोवीस वर्षं काढलीत.
प्रकाश आत जातो, सेन्सरवर आपटतो,
थोडासा मागे फिरतो, दारापर्यंत येतो.
दार म्हणजे माझा अडीचशे रुपयांचा फिल्टर,
धूळ बसू नये म्हणून लावलेली काच.
तिला लागून पुन्हा आत,
निघालेला पाहुणा पिशवी विसरली म्हणून परततो तसा,
आणि आता त्याची जागा गेलेली असते.
मग तो चौकटीच्या मध्याला वळसा घालून
बरोब्बर पलीकडे बसतो.
वरचा खाली. उजवीकडचा डावीकडे.

उपाय सोपा. फिल्टर काढायचा.
मी आटे फिरवतोय तेवढ्यात लटारू शेंडे आला,
कानाला मफलर, हाताला डिझेलचा वास.
स्क्रीनवर वाकला.
"हे त माहेच लाइट."

म्हटलं, हे लाइट नाहीत, काका. काचेचा भास आहे.

"भास असता त चारी पेटले असते."

मी मोजले.
खांबावर चार, त्यातला डावीकडून दुसरा मेलेला.
पहिल्याच अंकात फट् झाला,
मंडळ त्याच्या मजुरीतून पैसे कापणार आहे.
खाली हिरवे तीन.
उजवीकडून दुसऱ्या जागी काही नाही.

"पन उलटे टांगले कोनं?"
त्याने रागानेच विचारलं,
जणू माझ्या कॅमेऱ्यात कुणी शिकाऊ पोरगा बसलाय.

आधी तो डोक्यावर गॅसबत्ती वाहायचा,
वरातीत, दंडारीत.
बाबांच्या पेटीत त्या वराती आहेत:
नवरदेव, घोडी, डफडी,
आणि कडेला एक डाग.
निगेटिव्हवर काळा, छापला की पांढरा.
डागाखाली माणूस असणार.
एकाही फोटोत तो आलेला नाही.

फिल्टर काढून दुसरा घेतला. स्वच्छ.
खाली डावीकडे नुसता अंधार,
अंधारात जनरेटर, जनरेटरजवळ लटारू,
फोटोत दोघंही नाहीत.
मंडळाला हाच देईन.

पहिला त्याने मागितला.
म्हटलं, तो खराब आहे.
"असू दे ना. तीन त दिसतेत."

पाचला नाटक संपलं. खलनायकाने मिशी उपटून
चहा मागितला. लोक सतरंज्या झटकत उठले.
मी फिल्टर पुन्हा लावला, उगाच,
आणि कधी स्क्रीनकडे, कधी खांबाकडे बघत राहिलो.
तिकडे लटारूने जनरेटर बंद केला.

पांढरे आणि हिरवे एकदमच गेले.
कोणी कोणासाठी थांबलं नाही.

डोळे मिटले तर पापणीच्या आत
तीन जांभळट ठिपके,
मान वळवावी तिकडे सरकणारे.
दव पडत होतं. कुणीतरी वायर गुंडाळत होतं.
खांबाला शिडी लागल्याचा आवाज आला.

"टार्च धर बावा इकडे," वरून लटारू,
"मेलेला बी उतरवा लागते."

मी धरली.
हात वर, मान खाली.