पाच टक्के

टार्टूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवस आटपतो.
वाइके तरीही पडदा ओढते.
क्युवेट धरायची वरच्या कडेला, दोन बोटांनी:
हिच्या चारही भिंती पारदर्शक,
बोटाच्या ठशाला लपायला जागा नाही.

आत हेक्झेन, आणि नाइल रेड
नसल्यातच जमा.
अतिनील दिव्याखाली मात्र तो उजळतो पिवळा,
हिरवट झाक असलेला,
तिच्या अंगणातल्या पिकत आलेल्या गूजबेरीसारखा.

मग इथेनॉल.
मी वहीत आधीच सरळ रेघ आखून ठेवलेली:
निम्मं मिश्रण, निम्मा रंग.
त्रैराशिकच की.

पाच टक्क्यांवर नारिंगी.
रेघेला विचारलंसुद्धा नाही त्याने.

"बाटलीतलं प्रमाण बाटलीपाशी," वाइके म्हणते,
"हा फक्त शेजार मोजतो."
शंभरातले पाच,
पण तेच येऊन दाराशी टेकलेले.
उरलेले पंच्याण्णव
नुसती गर्दी.

प्रकाश पिऊन तो जागा राहतो
काही नॅनोसेकंद.
तेवढ्यात शेजारी कूस बदलतात,
त्याच्याकडे तोंड करून बसतात,
भार थोडा उतरवून घेतात.
म्हणून बाहेर पडणारा प्रकाश
घेतला त्याहून तांबडा,
काहीतरी तिथंच ठेवून आलेला.

फोन वाजतो. नार्वाहून बहीण.
वाइके एस्टोनियनमध्येच बोलते,
बर्फाचं, गुडघ्याचं, लाकडाच्या भावाचं,
आणि मध्येच एक रशियन शब्द.
एकच.
बिटाच्या सूपाचा असेल, कुणाच्या मरणाचा असेल,
मला काय कळणार.
पुढचं सगळं परत एस्टोनियनच,
पण आवाज खाली उतरलेला,
लांब लहरींचा,
आणि मोकळा हात टेबलावरची नसलेली धूळ पुसतोय.

मी दिव्यासमोर मान घालून बसतो.
हे मोजायला आपल्याकडे यंत्र नाही,
आणि असतं तरी लावलं नसतं.

"किती झाले?" फोन ठेवून ती विचारते.
"बारा."
"लिही. आणि ती रेघ खोडू नकोस.
काय वाटलं होतं, तेही वहीत राहू दे."

सहा वाजता ती क्युवेट रिकामी करते,
ॲसिटोनने तीनदा विसळते.
सगळं जातं कोपऱ्यातल्या तपकिरी बाटलीत:
ऑगस्टपासूनची मिश्रणं, माझी, तिची,
कुणाकुणाची.

त्या बाटलीवर कधी कुणी दिवा धरलेला नाही.