सुतळीची लांबी

फोर्तुनाता मावशीने पहिलं लग्न टिपलं
तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीला घरबसल्या बोट लागली.
नवरी वर, आकाश खाली, मग नुसतेच बूट,
बँडवाल्यांचे कर्णे माशांसारखे उसळत होते.
"बोलिव्हियाला समुद्र नाही म्हणतात," नवरीचा बाप म्हणाला,
"तू दाखवलास."
आणि ठरल्यातले अर्धेच पैसे मोजले.

स्टँड घ्यायचा तर एल आल्तोहून खाली ला पासला उतरायचं,
किंमत विचारायची, परत चढायचं.
ती उतरली. विचारलं. चढली.
एकदाच.

मग सात दुकानं झाली, आठव्यात बोल्ट मिळाला
कॅमेऱ्याच्या पोटाला नेमका बसणारा.
बोल्टला सुतळी, सुतळीच्या टोकाला वॉशर.
वॉशर बुटाखाली दाबायचा, कॅमेरा वर ओढायचा,
सुतळी ताणली की हात आपोआप गप्प.
लामाला धरतात तसंच, ती म्हणाली,
ढिलं सोडलं की नाचतं,
थोडी ओढ ठेवली की उभं राहतं.

ऑगस्टच्या वाऱ्याला सुतळी पुरेना.
तेव्हा तिने आग्वायो काढला, पाठीवर पोर बांधायचा,
आणि माझ्याकडून स्वतःची दोन्ही कोपरं
बरगड्यांशी बांधून घेतली.
पोर नव्हतंच तिला. गाठ मात्र बरोबर तीच.

भिंतीवर टेकवायला माझा एक मोजा, किन्वाने भरलेला.
कॅमेरा त्यात रुतायचा, कूस बदलायचा, झोपायचा.
रस्ते अडवले होते त्या महिन्यात
कुठेच लग्न नव्हतं, बाजारात काही येत नव्हतं,
आम्ही मोजा उलटा केला आणि सूप केलं.
(धुतला होता. दोनदा.)
आता आत वाळू असते. वाळू जास्त चांगली बसते.
तरी मावशी अजून तो मोजा कानाशी हलवून बघते.

आणि भाजीवाल्या सेनोव्हियाची हातगाडी,
चाकांतली निम्मी हवा सोडलेली, म्हणजे दगड कमी बोलतात.
मावशी गाडीत मांडी घालून, मी मागून ढकलत,
समोर मोरेनादाचे नाचे, घुंगरांसकट चालून येणारे.
मी नऊ वर्षांचा. शिंक आली तर गिळायची, एवढाच नियम.
श्वास निम्मा सोडायचा, थांबायचं, मग बटण.
इथल्या हवेत आधीच निम्मा श्वास असतो,
त्यातला निम्मा सोडून बघा.

त्या वर्षीच्या मिरवणुकीत
घरं जागची हलली नाहीत. विजेचे खांब सरळ.
मागे इयिमानी डोंगर, खिळा मारल्यासारखा.
आणि मधोमध दोन एर्मोखेनेस, दोन बसगाड्यांचे मालक,
मंडळाचे प्रमुख, मुख्य यजमान,
डावीकडे झुकलेले, उजवीकडे झुकलेले,
एका खांबाची माफी मागत.

ते तावातावाने आले.
"मागच्या साली सगळेच डोलत होते," ते म्हणाले,
"रस्ता, देऊळ, पाद्री.
मी एकटा डोलतोय असं तेव्हा कुणाला दिसलं?"
मावशीने विचार केला.
म्हणाली, पुढल्या वेळी हवं तर
तुमच्यापुरती सुतळी सोडते.
त्यांनी पैसे दिले नाहीत.
पण डीव्हीडी गल्लीत इतक्या विकल्या गेल्या
की त्यांच्याशिवायच भागलं.

मला कॅमेरा मिळाला तेव्हा सुतळी माझ्यासाठी लांब होती,
मावशीच्या डोळ्यांच्या मापाची.
तिने मध्ये गाठ मारली. सहा महिन्यांनी सोडली, जरा वर मारली.
मग आणखी वर.
तिचे गुडघे त्याच सुमारास कुरकुरू लागले,
ती बीयरच्या क्रेटवर बसून टिपू लागली,
तिचीही एक गाठ पडली, खालून.

काल नव्या लग्नाआधी सुतळी उलगडली.
जुन्या गाठी सोडल्या तिथे धागा अजून वाकडा आहे.
तिने वॉशर पायाखाली धरला, मी वरचं टोक धरलं
आणि दोघांनी ओढून पाहिलं,
पुरते का.
वीतभर कमी पडली.
"दोन तेओदोरोचं दुकान सातला बंद होतं," ती म्हणाली,
"पळ."