मिठाची किल्ली

घाटाच्या तिसऱ्या वळणावर, चर्चच्या खाली,
एक पिवळी पेटी आहे. आत रस्त्यावर टाकायचं मीठ.
पेटीला कुलूप. कुलपाची किल्ली त्रिएस्तेला,
तिथे समुद्र आहे, म्हणजे मीठ हवं तेवढं,
आणि बर्फ क्वचित.

मी या गावची सचिव. मंगळवार आणि शुक्रवार.
उरलेल्या दिवशी आणखी दोन गावांची.
तीन गावं, तीन शिक्के, एकच छत्री.

अर्ज मी लिहिला, कारण एर्मेस म्हणाला,
तुला त्यांची भाषा येते.
त्याला दगडांची येते.
संध्याकाळी तो हौदाच्या कठड्यावर तळवा टेकतो,
धूर सरळ चढतोय की छपरावरून घरंगळतोय ते बघतो,
आणि सांगतो, आज पहाटे रस्त्याची काच होणार.
होते.
त्रिएस्तेतल्या पडद्यावर तेव्हा आमची दरी हिरवी असते.

उत्तर अकराव्या दिवशी आलं.
रस्ता प्रादेशिक आहे. मीठही प्रादेशिक आहे.
आपली कळकळ नोंदवून घेतली आहे.
जावक क्रमांक मात्र देखणा, अठरा आकडी.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
एर्मेस न टाकलेल्या मिठासाठी जागत होता.

त्याच आठवड्यात इल्वाची गाडी
त्या वळणावर स्वतःभोवती फिरली, सावकाश,
लग्नात नाचणाऱ्या म्हातारीसारखी,
आणि पेटीलाच येऊन टेकली.
इल्वा नर्स. मागच्या सीटवर इन्सुलिनचा डबा.
ती उतरली, कुलपाकडे बघितलं,
आणि आपल्या बोलीत जे बोलली
ते मी इतिवृत्तात घेतलं नाही.

राज्यघटनेत यासाठी एक लांबलचक शब्द आहे.
दुसऱ्या अर्जात मी तो तीनदा घातला.
एर्मेसला अर्थ सांगितला:
धाकट्याच्या हाताला झेपतं ते थोरल्यानं ओढून घेऊ नये,
झेपत नाही तिथे थोरल्यानं हात आखडू नये.
तो म्हणाला, एवढ्यासाठी शब्द लागतो?

फेब्रुवारीत किल्ली आली. पितळी, अंगठ्याएवढी.
महापौरबाईंनी वाइन उघडली.
मी ती टेबलाच्या खणात ठेवली, खणाला कुलूप लावलं,
आणि वही आखली:
दिनांक, वेळ, किती फावडी, कोणाची सही.

गुरुवारी पहाटे साडेचारला काच धरली.
कचेरी शुक्रवारी नऊला उघडणार होती.

एर्मेस मला काही बोलला नाही.
फक्त दारासमोरच्या बर्फात बुटांचे ठसे होते, गोठलेले,
आल्याचे, आणि मग बराच वेळ एकाच जागी.

त्रिएस्ते किती लांब?
मला वाटायचं, दीडशे किलोमीटर तरी असेल.
ते माझ्या खणातही मावत होतं.

आता किल्ली निवेसच्या बेकरीत, भट्टीशेजारच्या खिळ्याला.
निवेस तशीही तीनला उठते.
वही आहे, पिठानं माखलेली,
अर्ध्या सह्या लागत नाहीत.
पहिलं फावडं कधीकधी टाकणाऱ्याच्याच दारात पडतं.
त्यावरून भांडण होतं,
ऐकू येण्याइतक्या अंतरावर.

एप्रिलमध्ये बोगद्याच्या तोंडावर अर्धा डोंगर उतरला.
तेव्हा फावडं कुणी उचललं नाही.
एर्मेसच म्हणाला, हे आपलं काम नव्हे,
त्रिएस्तेला फोन लाव.
लावला. तेरा तासांत आले ते,
क्रेन, इंजिनिअर, दिव्यांच्या माळा घेऊन.
सहा आठवडे राहिले, निवेसचा पाव खाल्ला,
आणि त्या पावाला जागले, हे मी लिहून ठेवते.

जायच्या दिवशी त्यांच्यातल्या एकानं खिळ्याकडे बघून विचारलं,
ही कशाची?
मिठाची, निवेस म्हणाली, आणि पाव कापत राहिली.
त्यानं वही चाळली, पीठ झटकलं,
खालच्या रिकाम्या ओळीत सही केली.
कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.