नकाराची वही

आमच्या मंडळात माझं काम एकच :
नाही म्हणायचं.

बाकीच्यांकडे देण्यासारखं काहीतरी आहे.
इरफान कोकणीने अंबडच्या वर्कशॉपात
दुर्बिणीचं दातेरी चाक तीनदा नव्याने कापलं,
रविवारी, लेथ मोकळं असताना.
बोडकेंनी गिरणारेच्या मळ्यातली पंपाची खोली दिली;
विजेच्या बिलाचं विचारलं की ते
द्राक्षांच्या भावावर बोलू लागतात.
तेजल सोनजे थर्मास आणते
आणि रात्री अडीचला गप्प बसते.

मी शंका आणतो.

रत्नप्रभाबाई गांगुर्डे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त.
तीस वर्षं नोटांचे ताव तपासले.
पहिल्या बैठकीत म्हणाल्या,
"दोन ताव शेजारी ठेवा, वेगळं काय ते मी सांगते."
कोणीतरी हसलं.
आम्ही एकाच दीर्घिकेचे दोन फोटो ठेवले,
मार्चचा आणि एप्रिलचा.
चहावर साय धरायच्या आत
त्यांचं बोट एका ठिपक्यावर.
मी तक्ते काढले, तारीख लावली.
वहीतली पहिली नोंद :
लघुग्रह. नाही.

मग चार हिवाळे.
उपग्रह. नाही.
कॅमेऱ्यातला तापलेला दाणा. नाही.
शेजारच्या ठळक ताऱ्याचं भिंगातलं भूत. नाही.
देवळालीला तोफांचा सराव,
दक्षिणेचं क्षितिज लखलखलं, फ्रेमच गेली.
बोडकेंचा कुत्रा तिपाईला घासला. नाही.

बाई कधी रुसल्या नाहीत.
"बाद," एवढं म्हणून पुढचा फोटो.
एकदाच म्हणाल्या,
"बाद करायचा मला पगार होता हो,
तुम्ही फुकटात करता."

जानेवारीतली ती रात्र.
पारा पाचावर, खाली सरकतोय.
एका दीर्घिकेच्या भुजेवर,
जिथे डिसेंबरात काळोख होता तिथे,
टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी.
मी वही उघडली.
लघुग्रह? त्या जागी कुठलाच नाही.
दाणा? दुर्बीण हलवली, ठिपका ताऱ्यांबरोबर हलला.
भूत? नाही.
मला नाही सापडेना.

आणखी एक फोटो हवा होता, तासाभराने,
ठिपका जागचा सरकतो का ते बघायला.
तेवढ्यात दारात बोडके. हातात काडेपेटी.
मळाभर पालापाचोळ्याचे ढीग लावून ठेवलेले :
धूर केला की थंडी वर राहते,
मणी वाचतात.
आणि धूर केला की आभाळ जातं.

"अजून किती?"
मी घड्याळ बघितलं. "पन्नास मिनिटं."
त्यांनी पारा बघितला.
मग बाईंकडे.
त्या पडद्यावर वाकलेल्या, शाल खांद्यावरून घसरलेली.
बोडके बांधावर जाऊन बसले.
काडेपेटी हातात तशीच,
मधूनमधून खुळखुळायची.

दुसरा फोटो आला. ठिपका जागच्या जागी.
बांधावर काडी ओढल्याचा आवाज झाला,
एकामागून एक ढीग पेटले
आणि आमच्यापुरतं आभाळ मिटलं.
सिन्नरला खैरनारांना उठवलं.
ते गच्चीवर गेले, बनियनवर, शिव्या देत.
चारला त्यांचा फोटो आला.
त्यातही होता.

कळवलं. उजाडताना उत्तर :
दोन रात्रींपूर्वीच नोंदलेला,
दूरच्या एका डोंगरावरच्या यंत्राने,
जिथे रात्री माणूस नसतो.
तेजलने थर्मासचं झाकण उगीच घट्ट केलं.

बाई म्हणाल्या, "पण आहे ना तो?"
"आहे."
हा शब्द वहीत कुठे लिहायचा ते कळेना.
रकानाच नव्हता.
समासात लिहिला.

आठवड्याने मळ्यात गेलो.
उत्तरेकडच्या दोन ओळींतले मणी तडकलेले.
बोडके त्याबद्दल काही बोलले नव्हते, बोललेही नाहीत,
पाण्याची पाळी, मजुरी, असलंच काही सांगत राहिले.
रत्नप्रभाबाईंनी या ओळीतला एक घड,
त्या ओळीतला एक घड,
तळहातांवर शेजारी शेजारी धरले.
वेगळं काय ते त्यांना
सांगावं लागलं नाही.